मसाई मारात शिकार प्रत्यक्ष बघायची असेल तर: तयारीपासून इंजिन बंद करण्यापर्यंत

केनियातलं मसाई मारा अभयारण्य करून आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये दोन प्रकारचे फोटो असतात: झोपलेले सिंह आणि अर्धवट खाल्लेलं विल्डबीस्ट (कळपाने फिरणारं मोठं हरीण). मधला पाठलाग कुणाकडेच नसतो. दोष नशिबाला दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. गाडी दिवसभर पळत असते. वायरलेसवर चित्त्याची खबर आली की तिकडे, सिंहाची आली की उलट्या दिशेला. खबर येते तेव्हा तिथे आधीच गाड्या जमलेल्या असतात आणि जनावर एक तर खाऊन झोपलेलं असतं किंवा उठून निघालेलं असतं.

शिकार दिसते ती एक जनावर निवडून त्याच्यापाशी थांबणाऱ्यांना. थांबण्यासाठी वेळ, जागा आणि ड्रायव्हरची साथ लागते, आणि या तिन्ही गोष्टी घरून निघण्याआधी ठरतात. म्हणून खालचे टप्पे बुकिंगपासून सुरू होतात.

टप्पा १: महिना ठरवा, जागा त्यानंतर

कोणती झुंज बघायची आहे यावर महिना ठरतो.

नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप आणि मगरी बघायच्या असतील तर केनियाच्या बाजूला मारा नदीवर साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. कळप पावसामागे फिरतात, त्यामुळे अमुक तारखेला ते नदीवर असतीलच असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

चित्त्याचा पाठलाग बघायचा असेल तर गवत आखूड हवं. मारात कळपांनी चरून रान बसवलेलं असतं तेव्हा, म्हणजे ऑगस्टनंतर, नजर लांबवर पोचते. याहून मोकळं रान हवं असेल तर टांझानियातला एन्डुटूचा भाग, जानेवारीअखेर ते मार्च. तिथे विल्डबीस्टची वासरं काही आठवड्यांच्या आतच एकदम जन्मतात आणि शिकारी त्यांच्या मागावर असतात. या महिन्यांत मारात विल्डबीस्टचे मोठे कळप नसतात, म्हणून 'फेब्रुवारीत स्वस्तात मारा' घेऊन मायग्रेशन, म्हणजे कळपांचं स्थलांतर, शोधू नका. सिंह, चित्ते आणि तरस मात्र मारात बारा महिने असतात. गर्दी नको असणाऱ्यांना तेवढं पुरतं.

मार्च ते मे लांब पावसाचे दिवस. काळ्या मातीत गाडी रुतते आणि गवत कमरेला लागतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हे महिने टाळावेत.

खर्चाचा हिशेब: परदेशी प्रौढ पर्यटकाला मारा राखीव क्षेत्राची फी २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं चालतं. दिवस वाढवताना हा आकडा माणशी धरा.

टप्पा २: मुक्काम कुठे, यावर निम्मा खेळ

मुख्य राखीव क्षेत्रात गाडी रस्ता सोडून नेता येत नाही आणि रात्री फिरता येत नाही. लगतच्या खाजगी कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेल्या रानांत, मुक्कामाच्या गाड्या मोजक्या असतात, जनावरापाशी रस्ता सोडून जाता येतं आणि रात्रीची फेरीही मिळते. सिंह आणि तरस बरीचशी शिकार अंधारात करतात, त्यामुळे रात्रीच्या फेरीला मोल आहे. पण नदीवरचे प्रसिद्ध घाट, म्हणजे कळप नदी ओलांडतात त्या जागा, राखीव क्षेत्रात आहेत. परवडत असेल तर दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन राखीव क्षेत्रात ही वाटणी सगळ्यात बरी.

राखीव क्षेत्रातल्या मुक्कामासाठी गेट आणि नदी यांमधलं अंतर नकाशावर बघा. सेकेनानी गेटबाहेर राहून रोज नदीवर जायचं म्हटलं तर सकाळचे सोन्यासारखे तास खड्ड्यांत जातात. नदीच्या पश्चिमेचा भाग, मारा ट्रायँगल, वेगळ्या व्यवस्थापनाखाली आहे आणि पूर्वेकडून तिथे जायला पुरुंगाटचा पूल ओलांडावा लागतो. आयत्या वेळी 'पलीकडे जाऊ या' म्हणून जमत नाही.

> तपासा: तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल आणि त्यातला एक दिवस नैरोबीहून येण्याजाण्यात जात असेल, तर शिकार बघायची अपेक्षा ठेवू नका. नैरोबी ते सेकेनानी नारोकमार्गे पाच ते सहा तास लागतात.

टप्पा ३: बुकिंगआधी लेखी घ्यायच्या गोष्टी

मुंबई-पुण्याच्या ग्रुप टूरमध्ये घोटाळा इथेच होतो. कार्यक्रमपत्रिकेत 'सकाळी नाश्त्यानंतर गेम ड्राइव्ह' असं एक वाक्य असतं. नाश्ता साडेसातला, गाडी सुटते साडेआठला. म्हणजे थंड वेळ संपल्यावर. पैसे भरण्याआधी चार गोष्टी ईमेलवर घ्या:

- गाडी ६ वाजता गेटच्या आत असेल आणि नाश्ता बांधून मिळेल.
- गाडी उघडणाऱ्या छताची, फोर-बाय-फोर असेल आणि प्रत्येकाला खिडकी असेल. सात जणांची व्हॅन स्वस्त पडते, पण पाठलाग सुरू झाला की मधल्या सीटवरच्याला शेजाऱ्याची पाठ दिसते.
- पूर्ण दिवसाची फेरी मिळेल, दुपारी जेवायला परत यायची सक्ती नसेल.
- किलोमीटरची मर्यादा नसेल. असेल तर ती किती?

गाडीत आपलेच चौघं असतील तर फार सोपं. अनोळखी सहप्रवासी असतील तर तीन तास एकाच चित्त्याजवळ बसायला कुणी तयार होत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. जिराफ आणि हत्ती पाहायला ते पैसे भरून आलेले असतात.

टप्पा ४: कागदपत्रं आणि सामान

केनियासाठी ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, ऑनलाइन आधी काढावा लागतो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र परतताना भारतात मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-थेपले डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. ड्रोन घरीच ठेवा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस घेत नाहीत.

दुर्बीण माणशी एक, ८×४२. हे खर्चिक वाटतं, पण शिकारीचा पहिला अर्धा तास पाचशे मीटरवर घडत असतो आणि तो मोबाइलमधून दिसत नाही. कॅमेऱ्याला १००-४०० मिमी किंवा तत्सम झूम लेन्स. टेकू म्हणून बीन बॅग रिकामी न्या आणि नैरोबीत तांदूळ किंवा राजमा भरा; ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. चार्जिंगचं सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं, ॲडॉप्टर इथूनच घ्या. मारा दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, उघड्या छतातून पहाटेचा वारा बोचतो. स्वेटर आणि कानटोपी लागतेच. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात.

टप्पा ५: पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरशी बोलणं

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. ड्रायव्हर-गाईडला वाटतं की पाहुण्यांना 'बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पटापट दाखवले की टिप चांगली मिळते. त्याला तसं वाटायला लावणारेही आपणच. म्हणून आधीच, नम्रपणे, स्पष्ट सांगा: यादी पूर्ण करायची नाही, एका शिकाऱ्याजवळ दोन-तीन तास थांबायची तयारी आहे, काही नाही घडलं तरी तक्रार नाही. आणि हेही सांगा की नियम मोडून जवळ नेऊ नका, त्यासाठी जास्तीचे पैसे देणार नाही.

चार स्वाहिली शब्द कानावर असू द्या, वायरलेसवर हेच येतात: सिंबा म्हणजे सिंह, दुमा म्हणजे चित्ता, चुई म्हणजे बिबट्या, फिसी म्हणजे तरस.

> तपासा: गाडीतल्या प्रत्येकाला शिकार खरोखर बघवणार आहे का? चित्ता गळा दाबून मारतो, ते लवकर संपतं. तरस मात्र जनावर जिवंत असतानाच खायला लागतात. लहान मुलं असतील तर कुठल्या क्षणी निघायचं हे आदल्या रात्री ठरवा.

टप्पा ६: आधी चरणारी जनावरं वाचा

ताडोबा-पेंच पालथं घातलेल्या मंडळींची इथे हमखास चूक होते. तिकडे चितळाचा किंवा वानराचा कॉल आला की गाडी पळवायची, कारण जंगल दाट आणि वाघ दिसणं हेच उद्दिष्ट. माराच्या उघड्या माळावर धोक्याचा इशारा ऐकू आला तर शिकारी कुठे आहे ते कळतं, पण ती शिकार बहुधा फसलेली असते. दबा धरणाऱ्या शिकाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे न दिसणं. एकदा दिसला की तो उठून निघून जातो.

थॉमसन गॅझेल या छोट्या हरणांचा कळप नीट बघा. सगळ्या माना वर, सगळी तोंडं एका दिशेला, दोन-चार जण उलट त्या दिशेनेच पुढे चालत निघालेत: त्यांनी चित्ता पाहिलाय आणि ते त्याच्यावर नजर ठेवून आहेत. इथे थांबून काही होणार नाही. याउलट कळप निवांत चरतोय, शेपट्या हलतायत, एखादं टोकाला एकटं पडलंय, आणि शंभर-दीडशे मीटरवर गवतात एक डोकं स्थिर आहे. थांबायचं ते इथे.

वारुळांवर दुर्बीण फिरवत राहा. चित्ता टेहळणीसाठी वारुळावर चढतो, पण टोपी नावाचं हरीणही पहारा द्यायला तिथेच उभं राहतं. लांबून दोन्ही नुसते ठिपके दिसतात.

गिधाडांचाही अर्थ लावता येतो. पाय खाली सोडून एकामागोमाग एक तिरपी उतरत असतील तर मेलेलं जनावर ताजं आहे. झाडावर पंख मिटून बसली असतील तर खाली कुणीतरी शिकारीवर बसलंय, बहुधा सिंह. हवा तापल्याशिवाय गिधाडं उंच चढत नाहीत, तेव्हा पहाटे त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या वेळी तरस बघा. शेपूट उभारून सरळ रेषेत धावणारा तरस कुठेतरी निघालेला असतो.

टप्पा ७: योग्य शिकारी निवडा

पोट बघा. पोट गोल, सिंह पाठीवर पडून धापा टाकतोय, तर फोटो काढा आणि निघा. तो आज उठणार नाही. पोट बरगड्यांमागे आत गेलेलं आणि जनावर अधूनमधून मान उचलून दूर बघतंय, तर उमेद आहे.

सगळ्यात चांगली निवड म्हणजे पिल्लं असलेली चित्त्याची मादी. तिला जवळपास रोज शिकार करावी लागते, आणि तीही उजेडात: सकाळी सात ते दहा, दुपारी चारनंतर. ढगाळ दिवशी मधल्या वेळेतही. पण गर्दीचा त्रासही तिलाच सर्वात जास्त. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्याच एका अभ्यासात, भरपूर पर्यटक असलेल्या भागांत एका वेतातून सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली. कमी पर्यटकांच्या भागात २.३. तिच्याभोवती आधीच चार-पाच गाड्या असतील तर दुसरं जनावर शोधा.

सिंहिणी निघाल्या की सगळे पुढच्या सिंहिणीकडे बघतात. बघायची ती दिसेनाशी झालेली. गटाने शिकार करताना एखादी लांबून वळसा घालते आणि भक्ष्याच्या पलीकडे दबा धरते. शेवटचा झटका बऱ्याचदा तिकडून येतो. नऊ वाजून गेले आणि सगळ्या झुडपाच्या सावलीत शिरल्या की सकाळ संपली.

म्हशींच्या कळपाला सिंह भिडले असतील तर हातातलं सगळं सोडून थांबा. हा खेळ तासन्‌तास चालतो. पडलेल्या म्हशीला सोडवायला कळप परत येतो, सिंह पळतात, पुन्हा येतात.

टप्पा ८: गाडी उभी करण्याची जागा

शिकारी आणि भक्ष्य यांच्यामध्ये एक रेषा कल्पा. त्या रेषेवर गाडी नको, रेषेच्या दोन्ही टोकांच्या मागेही नको. बाजूला, दोघांपासून साधारण सारख्या अंतरावर, सूर्य पाठीशी येईल अशी उभी करा. राखीव क्षेत्रात रस्ता सोडता येत नसल्यामुळे या रेषेला समांतर जाणारा रस्त्याचा तुकडा शोधावा लागतो. चांगला ड्रायव्हर इथेच कळतो.

१. पोचण्याआधीच वेग कमी. जवळ जाऊन ब्रेक मारला की कळपाच्या माना वर.
२. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या बाजूला.
३. इंजिन बंद, आणि बंदच. दर दहा मिनिटांनी पाच मीटर पुढेमागे करणं ही सगळ्यात महागडी चूक.
४. अंतर सिंह-चित्ता-बिबट्यापासून किमान २५ मीटर, एका जनावराभोवती जास्तीत जास्त पाच गाड्या. शिकार घडायची असेल तर २५ मीटरही कमीच. चित्त्यासाठी शंभर धरा.

> सावध: काही चित्ते टेहळणीसाठी गाडीवर चढतात. खिडकीबाहेर हात किंवा कॅमेरा काढू नका, हलू नका, तो उतरेपर्यंत वाट बघा. त्याला बोलावण्यासाठी गाडी जवळ नेणं हा गुन्हा समजा.

थांबणं लांबलं की लघवीचा प्रश्न येतोच. संकोचून पाणी पिणं सोडू नका. ड्रायव्हरला सांगा, तो आखूड गवताची उघडी जागा तपासून गाडीच्या आडोशाला थांबवेल. झुडपाजवळ कधीच नाही. आणि शिकारी नजरेत असताना तर मुळीच नाही.

टप्पा ९: धाव सुरू झाल्यावर

चित्त्याचा क्रम असा: वारुळावरून उतरतो, डोकं खांद्याच्या रेषेत आणून चालतो, भक्ष्याने मान उचलली की जागच्या जागी गोठतो, मान खाली गेली की पुन्हा सरकतो. शेवटी पन्नास-साठ मीटरवरून सुटतो. धाव दोन-तीनशे मीटरची, मिनिटभराच्या आत संपणारी. सिंहाला त्याहून जवळ, तीस मीटरच्या आत पोचावं लागतं, म्हणून त्याचं सरपटणं लांब आणि धाव छोटी.

कॅमेरा सरपटणं सुरू झालं तेव्हाच तयार हवा: शटर १/२०००, आयएसओ ऑटो, सलग फोकस, सलग फोटो. झूम पूर्ण ताणू नका. ४०० वर वळणारं हरीण चौकटीबाहेर जातं, २००-२५० वर राहतं. हाताशी कॅमेरा नसेल तर मोबाइल खाली ठेवा आणि नुसतं बघा.

ओरडू नका. आणि गाडी धावेमागे सोडू नका. ड्रायव्हर उत्साहाने किल्लीला हात घालतो, त्याला आधीच सांगून ठेवा. वाटेत दुसरं पिल्लू किंवा दुसरी सिंहीण असू शकते, आणि वळलेलं हरीण गाडीला अडून मरतं.

बहुतेक धावा फसतात. फसली तरी जागा सोडू नका: चित्ता दम खाऊन पुन्हा उठतो, पिल्लांची आई तर नक्कीच.

टप्पा १०: शिकार झाल्यानंतर

चित्ता मारल्यावर लगेच खात नाही. धापा टाकत चौफेर बघतो, शिकार झुडपाखाली ओढतो. या वेळी गाडी पुढे नेली तर तो शिकार सोडून देतो, आणि गोळा झालेल्या गाड्या आणि गिधाडं पाहून तरस येतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं इंजिन बंदच ठेवा. दुसरी झुंज बऱ्याचदा याच वेळात होते, चित्ता विरुद्ध तरस. सिंहांच्या शिकारीवरही तरस जमतात. त्यांची 'हू-उप' अशी लांब हाक वाढत गेली तर निघू नका.

बाहेर गाड्या ताटकळत असतील तर दहा मिनिटांत जागा द्या, तसा नियमच आहे.

नदीवर वेगळा हिशेब

घाटावर वरची बरीच सूत्रं उलटी होतात. इथे थांबायचं ते काठापासून दूर, दोन-तीनशे मीटर मागे. कळप काठाशी येतो, पाणी हुंगतो, परत फिरतो, तासाभराने पुन्हा येतो. पहिली काही जनावरं उतरण्याआधी गाडी काठाला लावली तर अख्खा कळप माघारी जातो आणि मागच्या पन्नास गाड्यांचे शिव्याशाप मिळतात. रांग पाण्यात लागून सलग चालू झाली की मगच पुढे सरका, उतरण्याच्या आणि चढण्याच्या वाटा मोकळ्या सोडून. गाडीतून उतरायचं नाही, छतावर चढायचं नाही.

मगरीचं तोंड शोधत नजर मधल्या गर्दीवर ठेवू नका. ती कडेला वाहत गेलेलं किंवा मागे पडलेलं जनावर धरते. झेब्र्याचं शिंगरू असेल तर आधी तेच. आणि मारा नदीत मरणारी बहुतेक विल्डबीस्ट मगरीमुळे मरत नाहीत, ती बुडतात. संशोधकांचा अंदाज वर्षाला सरासरी सव्वासहा हजारांचा आहे. चढणीचा काठ उभा असेल तर चेंगराचेंगरी तिथेच होते, म्हणून दुर्बीण पलीकडच्या काठावर. चढून थकलेली जनावरं जिथे झाडीत शिरतात तिथल्या क्रोटनच्या झुडपांत सिंहीण बसलेली असू शकते. तीही एकदा तपासा.

दुपारी चारनंतर कळप काठावर येऊन अडला असेल तर घड्याळ बघा. गेटबाहेर मुक्काम असेल तर ६ ला बाहेर पडायचंय, आणि घाटापासून सेकेनानीपर्यंत दीड तास तरी धरावा लागतो. साडेचारला निघावंच लागेल, कळप पाण्यात पाय घालून उभा असला तरी.